अनुरूपतेचें घोषणापत्र : एका नव्या दस्तऐवजाची परीक्षा

जुने कागद शोधणाऱ्या व जपणाऱ्या वाचकांपुढें आजचा, आणि तोहि परदेशी कायद्यांतून निघालेला, एक कागद ठेवण्याचें धाडस आम्ही करीत आहों. त्याचें कारण प्रथम सांगणें अवश्य आहे. गेल्या वर्षीं पुण्यांतील आमचे एक तरुण स्नेही एका पानाचा इंग्रजी मसुदा घेऊन आमच्याकडे आले. संकेतस्थळांस जोडावयाचीं लहान सॉफ्टवेअरें, ज्यांस व्यवहारांत प्लगिन म्हणतात तीं, ते तयार करून विकतात. त्यांचीं कांहीं गिऱ्हाइकें युरोपांत आहेत. युरोपीय संघाच्या नव्या कायद्याप्रमाणें आपल्या मालासंबंधीं ‘अनुरूपतेचें घोषणापत्र’ करावें लागणार, हें कळल्यावर त्यांनीं दुसऱ्या कोणा उत्पादकाचें पत्र समोर ठेवून हा मसुदा सिद्ध केला होता. “जुन्या कागदांचा खरेखोटेपणा आपण पाहतां, हा कागद टिकेल कीं नाहीं तेवढें पाहून सांगा,” एवढीच त्यांची विनंती होती.

मसुदा वाचून आम्ही चकित झालों. बनावट सनदेंत जे दोष आढळतात त्यांतील बहुतेक येथें एकत्र झालेले होते : कर्ता संदिग्ध, विषय संदिग्ध, आधार उसना, आणि तारीख कामाच्या आधींची. स्नेह्यांच्या मनांत कपट मुळींच नव्हतें. या जातीचा कागद काय सांगतो व कोणाच्या बळावर उभा राहतो, हें त्यांस कोणीं सांगितलें नव्हतें, इतकेंच. तेव्हां या कागदाचा वंश, त्याचीं अंगें आणि त्याच्या सिद्धतेचा क्रम यांचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. पूर्वपीठिका

मालाच्या खरेपणाची ग्वाही मालावरच उठविण्याची चाल युरोपांत फार जुनी आहे. इंग्लंडांत पहिल्या एडवर्डच्या कारकीर्दींत इ. स. १३०० मध्यें असा कायदा झाला कीं, चांदीचें भांडें कस पाहिल्यावांचून व त्यावर बिबळ्याच्या मस्तकाची मुद्रा उठविल्यावांचून कारागिराच्या हातून बाहेर जाऊं नये. १३६३ मध्यें प्रत्येक उस्ताद सोनारानें स्वतःची निराळी खूण ठेवावी असें ठरलें. पुढें १४७८ पासून लंडनच्या सोनारमंडळाच्या सभागृहांत मुद्रा उठूं लागली व तींत वर्षदर्शक अक्षराची भर पडली. याप्रमाणें भांडें कोणीं केलें, कोणीं पारखलें व केव्हां पारखलें, हीं तिन्ही उत्तरें एकाच भांड्यावर वाचतां येऊं लागलीं. कर्त्याची खूण आणि पारख्याची खूण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. कारण पुढील सर्व इतिहास या दोन खुणांच्या बदललेल्या नात्याचा आहे.

विसाव्या शतकांत यंत्रें व उपकरणें इतकीं वाढलीं कीं प्रत्येक नगास पारखी मिळणें अशक्य झालें. शिवाय युरोपांतील प्रत्येक राष्ट्राचे नियम निरनिराळे, त्यामुळें एका देशांत पास झालेला माल दुसऱ्या देशाच्या वेशीवर अडे. या अडवणुकीस पहिला मोठा धक्का एका मद्याच्या खटल्यानें दिला. फ्रान्सांतील दिजों येथील ‘कासीस’ नांवाच्या फळमद्यांत मद्यार्क शेंकडा १५ ते २० असे, आणि जर्मन कायद्यास निदान २५ हवा होता. युरोपीय न्यायालयानें ता. २० फेब्रुवारी १९७९ रोजीं निर्णय दिला कीं, एका सभासद राष्ट्रांत कायदेशीरपणें तयार होऊन विकला जाणारा माल दुसऱ्या राष्ट्रानें तसेंच सबळ कारण असल्यावांचून अडवूं नये.

त्यानंतर ता. ७ मे १९८५ रोजीं मंत्रिपरिषदेनें जो ठराव केला तो ‘नवी पद्धति’ या नांवानें प्रसिद्ध आहे. कायद्यानें केवळ आवश्यक गुण सांगावे. ते साधण्याचा तपशील मानकसंस्थांनीं लिहावा. मानक पाळणें ऐच्छिक असावें, मात्र तें पाळणारा माल कायद्यास अनुरूप आहे असें गृहीत धरावें. हें त्या ठरावाचें सार होय. १९७३ च्या विद्युत् उपकरणांच्या निर्देशांत या विचाराचें बीज दिसतें. १९८५ नंतर साध्या दाबपात्रांचा निर्देश १९८७ मध्यें, खेळण्यांचा १९८८ मध्यें आणि यंत्रांचा १९८९ मध्यें झाला. ता. २२ जुलै १९९३ च्या निर्णयानें परीक्षेच्या निरनिराळ्या पद्धति अक्षरांनिशीं सांगितल्या व ‘सीई’ या खुणेचे नियम एकत्र केले. ता. ९ जुलै २००८ च्या निर्णयास जोडून घोषणापत्राचा एक नमुनाहि प्रसिद्ध झाला, आणि पुढील कायद्यांतील घोषणापत्रें बव्हंशीं त्याच साच्याचीं आहेत.

या परीक्षापद्धतींपैकीं पहिली, ‘अ’ पद्धति, आपल्या विषयास सर्वांत जवळची आहे. तींत बाहेरचा पारखी नसतोच. उत्पादकानेंच तपासावें, उत्पादकानेंच कागदपत्रें करावीं, उत्पादकानेंच सही करावी व उत्पादकानेंच खूण उठवावी. तेराव्या शतकांतील बिबळ्याचें मस्तक येथें गळालें व चौदाव्या शतकांतील सोनाराची खूण तेवढी शिल्लक राहिली. सीई ही सरकारनें दिलेली शाबासकी आहे असा समज सर्वत्र आढळतो, तो चुकीचा होय. साधारण मालावर ती खूण म्हणजे कर्त्याचीच जबानी असते.

२. सॉफ्टवेअरचा प्रवेश

ही व्यवस्था हातांत धरतां येणाऱ्या वस्तूंसाठीं जन्मली. सॉफ्टवेअर तींत प्रथम वैद्यकीय उपकरणांच्या दारानें शिरलें. १९९३ च्या वैद्यकीय उपकरणांच्या निर्देशास २००७ मध्यें जी दुरुस्ती झाली, तिनें वैद्यकीय हेतूचें सॉफ्टवेअर हें स्वतःच उपकरण ठरूं शकतें असें स्पष्ट केलें. पुढें फ्रान्सांतून आलेल्या एका प्रकरणांत ता. ७ डिसेंबर २०१७ रोजीं युरोपीय न्यायालयानें या तत्त्वाचा अर्थ लावला. डॉक्टरांस औषधें लिहून देण्यास साह्य करणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्यें, रोग्याच्या माहितीवरून निषिद्ध औषधें, औषधांचा परस्परविरोध व अतिमात्रा ओळखणारा एक भाग होता. असें सॉफ्टवेअर मनुष्यदेहावर प्रत्यक्ष क्रिया करीत नसलें तरी तें वैद्यकीय उपकरणच होय, असें न्यायालय म्हणालें. सॉफ्टवेअर अनेक खंडांचें असेल, तर ज्या खंडांचा हेतु वैद्यकीय असेल तेवढ्यांसच खूण लागते, हेंहि त्याच निर्णयांत मान्य झालें. मोठ्या सॉफ्टवेअरचा एखादा खंड घेऊन त्यापुरती वेगळी ग्वाही देतां येते, ही कल्पना येथें दृढ झाली. प्लगिनांच्या दृष्टीनें हा टप्पा महत्त्वाचा आहे.

सर्वसाधारण सॉफ्टवेअरवर मात्र तोंपर्यंत असें बंधन नव्हतें. तें ‘सायबर रेझिलियन्स ॲक्ट’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या २०२४/२८४७ क्रमांकाच्या विनियमानें आलें. त्याचा प्रस्ताव ता. १५ सप्टेंबर २०२२ चा, सह्या ता. २३ ऑक्टोबर २०२४ च्या. आणि अंमल ता. १० डिसेंबर २०२४ पासूनचा. त्याच्या मूळ संहितेप्रमाणें सुरक्षेंतील छिद्रांची वर्दी देण्याचें कर्तव्य ता. ११ सप्टेंबर २०२६ पासून व घोषणापत्रासह बाकीचीं बहुतेक कर्तव्यें ता. ११ डिसेंबर २०२७ पासून बंधनकारक आहेत.

३. प्लगिन म्हणजे काय

प्लगिन हें वाड्यास मागाहून जोडलेल्या पडवीसारखें असतें. भिंत वाड्याची, छप्पर पडवीचें; वाडा पाडला तर पडवी उभी राहत नाहीं, परंतु पडवींतून शिरलेला चोर मात्र वाड्यांत पोंचतो. नेटस्केपच्या न्याहाळकाची दुसरी आवृत्ति, १९९६ मध्यें संगीतकारांसाठीं निघालेली व्हीएसटी पद्धति, आणि मे २००४ मधील वर्डप्रेसची १.२ ही आवृत्ति, या तिहींनीं परक्या कारागिरांस अशा पडव्या बांधण्याची मोकळीक दिली, आणि त्यांतून हा धंदा वाढला.

येथें प्रश्न असा उत्पन्न होतो कीं पडवीची ग्वाही कोणीं द्यावी. कायद्याचें उत्तर सरळ आहे. जो आपल्या नांवानें वा व्यापारी चिन्हानें माल बाजारांत आणतो तो उत्पादक. मग तो त्यानें स्वतः घडविला असो वा दुसऱ्याकडून घडवून घेतला असो. स्वतंत्रपणें विकल्या जाणाऱ्या प्लगिनाची जबाबदारी यजमान सॉफ्टवेअरच्या कर्त्यावर ढकलतां येत नाहीं. व्यापाराचा संबंध नसतां खुलेपणानें वाटलेलें सॉफ्टवेअर या बंधनाबाहेर आहे. परंतु मोफत प्रत पुढें करून सशुल्क प्रत विकणारानें ती सूट आपणांस आहे असें धरून चालूं नये.

४. कागदाचीं अंगें व मसुद्यांतील दोष

विनियमाच्या पांचव्या परिशिष्टांत घोषणापत्राचीं आठ अंगें दिलीं आहेत : मालाचें नांव, प्रकार व निश्चित ओळख, उत्पादकाचें नांव व पत्ता, हें पत्र सर्वस्वी आपल्या जबाबदारीवर दिलें असल्याचें विधान, घोषणेचा विषय, मागोवा घेतां येईल अशा रीतीनें, तो विषय संघाच्या संबंधित कायद्यास अनुरूप असल्याचें विधान, आधारभूत मानकें वा प्रमाणपत्रें, परीक्षा करणारी अधिसूचित संस्था असल्यास तिचें नांव, क्रमांक व परीक्षेची पद्धति, आणि शेवटीं स्थळ, तारीख, सही करणाराचें नांव, हुद्दा व सही. सरकारानें कौल द्यावा व रयतेनें कबुलायत लिहून द्यावी, ही आपल्याकडील जोडी वाचकांच्या परिचयाची आहे. हें घोषणापत्र कबुलायतीच्या जातीचें आहे. पुष्कळ उत्पादक त्यास कौल समजतात, आणि तेथेंच घोटाळ्यास आरंभ होतो.

आतां स्नेह्यांच्या मसुद्याकडे वळूं. त्यांतील पहिला दोष कर्त्याचा. पत्राच्या माथ्यावर दुकानाचें सुटसुटीत नांव होतें, टपालाचा पत्ता नव्हता, आणि सहीच्या जागीं ‘मंडळींतर्फे’ असा मोघम शब्द होता. सर्वस्वी आपली जबाबदारी असें म्हणणारा ‘आपण’ कोण, हें ज्या कागदावरून कळत नाहीं, तो कागद कोणासच बांधीत नाहीं.

दुसरा दोष विषयाचा. ‘आमच्या प्लगिनाच्या सर्व आवृत्त्या’ असें त्यांत लिहिलें होतें. अजून न लिहिलेल्या आवृत्तीची साक्ष आज कशी देतां येईल? विषयाची ओळख पटविण्यास योग्य वाटल्यास छायाचित्र जोडावें असें परिशिष्ट सुचवितें. पण प्लगिनाचें छायाचित्र काढणार कसें? अशा वेळीं नांव व आवृत्तीचा अचूक क्रमांक यांच्या जोडीस त्या संचिकेचा हॅश-अंक लिहावा असें आम्ही सुचवितों. कायदा तो मागत नाहीं, पण त्याचा उपयोग मोठा आहे. एसएचए-२५६ या रीतीनें कोणत्याहि संचिकेचा ६४ अक्षरांचा अंक निघतो, आणि संचिकेंत एक अक्षर बदललें तरी तो अंक पार निराळा होतो. पेशवाईंतील कारकून मजकुराच्या अखेरीस ‘मोर्तब सुद’ किंवा ‘लेखनसीमा’ करीत, तें मागाहून कोणीं ओळ घुसवूं नये म्हणून. हा अंक तेंच काम करतो.

तिसरा दोष आधाराचा, आणि तो सर्वांत गंभीर. ज्या पत्रावरून नक्कल केली होती त्यांतील मानकांची यादी जशीच्या तशी उतरली होती. त्यांत विजेच्या उपकरणांचें एक मानकहि आलें होतें. त्याहून वाईट म्हणजे मूळ पत्रांतील अधिसूचित संस्थेचा चार अंकी क्रमांकहि उतरला होता. ज्या संस्थेनें हें प्लगिन कधीं पाहिलें नाहीं तिची साक्ष येथें नोंदली गेली. स्नेह्यांचें प्लगिन संपर्काचा अर्ज भरून घेणारें, म्हणजे साधारण वर्गांतील. त्यास ‘अ’ पद्धति पुरते व संस्थेचा रकाना रिकामा ठेवणें हेंच खरें. तेंच प्लगिन न्याहाळकांतील परवलीचे शब्द सांभाळणारें असतें, तर तें तिसऱ्या परिशिष्टांतील ‘महत्त्वाच्या’ वर्गांत गेलें असतें, आणि मग केवळ स्वतःच्या परीक्षेवर भागविण्यास संघमान्य मानकें वा तत्सम आधार पूर्णपणें पाळावे लागले असते. खुल्या सॉफ्टवेअरास तेथें तांत्रिक कागदपत्रें प्रसिद्ध करण्याच्या अटीवर सवलत आहे. यजमान कोणत्या वर्गांतील आहे हें येथें पाहावयाचें नसतें. प्लगिनाचें मुख्य कार्य कोणतें तें पाहावयाचें असतें.

चौथा दोष तारखेचा. पत्रावरील तारीख चाचण्यांच्या आधींची होती. किंबहुना चाचण्यांचे कागदच नव्हते. घोषणापत्र हें दप्तराचें शेवटचें पान असतें. त्यामागें धोक्यांचा अंदाज, रचनेचें वर्णन, चाचण्यांचे अहवाल, आधारकाळ किती व कां याचा खुलासा, आणि प्लगिनांत वापरलेल्या परक्या घटकांची यंत्रास वाचतां येईल अशी सूची, एवढी सामग्री लागते. घटकसूचीचें महत्त्व डिसेंबर २०२१ मध्यें जगास पटलें. लॉगफोरजे नांवाच्या एका लहानशा घटकांत भयंकर छिद्र उघडकीस आलें, आणि तो घटक आपल्या घरांत आहे कीं नाहीं हेंच असंख्य कारखान्यांस व कचेऱ्यांस ठाऊक नव्हतें.

आम्हीं स्नेह्यांस एवढेंच सांगितलें कीं, सही राहूं द्या. आधीं सूची करा. तीन आठवड्यांनीं ते सूची घेऊन आले, तेव्हां त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांच्या प्लगिनांतील एका घटकाची देखभाल मूळ कर्त्यानें केव्हांच सोडली होती, आणि त्यांतील एक प्रसिद्ध छिद्र तसेंच उघडें होतें. पहिल्या मसुद्यावर सही झाली असती, तर हें न पाहतांच त्यांनीं सर्व जबाबदारी पत्करली असती. आवश्यक गुणांच्या भंगास या कायद्यांत १,५०,००,००० युरोपर्यंत, अथवा जागतिक वार्षिक उलाढालीच्या शेंकडा २.५ पर्यंत, यांपैकीं जो आंकडा मोठा असेल तेवढा दंड सांगितला आहे. दंडाची गोष्ट बाजूस ठेवली तरी, ज्यांनीं त्या अर्जांत आपलीं नांवें व पत्ते भरले होते त्या गिऱ्हाइकांचें काय झालें असतें, हा विचार त्यांस अधिक लागला. घटक बदलून, चाचण्या घेऊन, मगच त्यांनीं नवा कागद लिहिला. तो पहिल्याहून आंखूड आहे आणि त्यांतील प्रत्येक शब्दामागें दप्तरांत एक कागद आहे.

५. सहीनंतर

सही झाली म्हणजे काम संपलें असें नाहीं. मालांत असा मोठा फेरफार झाला कीं ज्यानें त्याची सुरक्षा वा हेतु बदलतो, तर परीक्षा व घोषणा पुन्हां करावी लागते. साध्या डागडुजीस तें लागू नाहीं. आधारकाळ सामान्यतः पांच वर्षांहून कमी असूं नये. छिद्राचा दुरुपयोग होत असल्याचें कळतांच २४ तासांत पहिली वर्दी व ७२ तासांत सविस्तर वर्दी द्यावी लागते. सॉफ्टवेअरावर मुद्रा उठविण्यास धातू नाहीं, म्हणून सीईची खूण घोषणापत्रावर किंवा सोबतच्या संकेतस्थळावर ठेवावी अशी योजना आहे.

आतां आमच्या वाचकांच्या खास आस्थेचा मुद्दा. घोषणापत्र व त्यामागील दप्तर माल बाजारांत आल्यापासून दहा वर्षें, किंवा आधारकाळ त्याहून मोठा असल्यास तेवढा काळ, जपावें असें विनियम सांगतो. त्यापुढें तें नष्ट केलें तरी कायद्यास त्याचें कांहीं नाहीं. शिवाय संक्षिप्त घोषणेचीहि सोय आहे. तींत पूर्ण पत्र नसतें, तें कोठें सांपडेल त्या संकेतस्थळाचा पत्ता असतो. तें संकेतस्थळ बंद पडलें म्हणजे, फेरिस्तांत नोंद आहे पण रुमाल सांपडत नाहीं, अशी आपणां सर्वांच्या ओळखीची अवस्था होणार. १४७८ नंतरच्या चांदीच्या पेल्यावरील वर्षाचें अक्षर आज वाचतां येतें. आणि २०२७ मधील एखाद्या प्लगिनाची जबाबदारी कोणीं घेतली होती, हें शंभर वर्षांनीं सांगतां येईल याची कांहींच शाश्वति नाहीं.

म्हणून ज्यांच्या ओळखींत असे कारागीर असतील त्यांनीं त्यांच्या घोषणापत्राची सही केलेली एक प्रत, घटकसूचीसह, कागदावर उतरवून घेऊन आपल्या संग्रहांत ठेवावी अशी आमची विनंती आहे. आजच्या कारागिराचें नांव, त्यानें वापरलेल्या परक्या हत्यारांची यादी, आणि त्याची स्वतःच्या सहीची कबुली, असा तिहेरी पुरावा मागील शतकांतील फारच थोड्या कारागिरांनीं आपल्यासाठीं ठेवला आहे. आमच्या स्नेह्यांनीं आपल्या दुसऱ्या पत्राची प्रत आम्हांस दिली आहे. त्यांच्या परवानगीनें त्या पहिल्या सदोष मसुद्याची प्रतहि आम्हीं तिच्याच पोटांत ठेवली आहे. कारण खरा कागद कसा सिद्ध झाला, हें त्या दोन कागदांच्या अंतरावरूनच पुढील अभ्यासकांस कळणार आहे.